एक माणूस, एक झेंडा

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी एनार सोल्बर्गने निळ्या झेंड्याच्या काठीवर हात ठेवला आणि पुन्हा काढून घेतला.

"अजून नाही," तो म्हणाला.

झेंडा पत्र्याचा होता, वहीच्या पानाएवढा. त्याची लोखंडी काठी चिमट्याने रुळाला घट्ट बसवलेली होती, चिमट्याला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली एनारच्या डाव्या मुठीत होती. झेंड्याखाली लटकणाऱ्या पितळी बिल्ल्यावर 'सोल्बर्ग' एवढंच कोरलेलं होतं. मागे रूळ क्रमांक तीनवर बर्फनांगर उभा होता. पुढे माणसाच्या दुप्पट उंचीचं पोलादी पातं, मागे काळपट लाल लाकडी डबा, खाली आठ चाकं. खिंडीतून गाड्या जाव्यात म्हणून त्याने चाळीस हिवाळे बर्फ फाडलं होतं.

"नाही म्हणजे काय, एनारकाका?" अल्डा बार्तोलीने विचारलं.

"नाही म्हणजे नाही."

एनारच्या व्हीलचेअरच्या मागे उभ्या असलेल्या मारिसेलने त्याच्या खांद्यावरून घसरलेलं ब्लँकेट वर ओढलं. ती वृद्धाश्रमात त्याची देखभाल करायची. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याला परत आणते, असं तिने तिथल्या मुख्य परिचारिकेला सांगितलं होतं.

शेडच्या दाराशी ट्रॅक्टर धडधडत होता. त्यावर बसलेल्या गॉर्ड हॅलिडेने मान बाहेर काढली.

"बंद करू की चालू ठेवू? डिझेल माझ्या बापाचं नाही, पण तरी विचारतो."

"बंद कर," अल्डा म्हणाली.

शेडच्या छपराचा उत्तरेकडचा भाग जानेवारीतल्या बर्फाखाली कोसळला होता. उरलेल्या भागात हेल्मेट घालून वावरायची परवानगी होती, तीही शुक्रवारपर्यंत. सोमवारी सकाळी सातला तोडकामाची यंत्रं येणार होती. टॅमरॅकच्या रेल्वे संग्रहालयातलं बाकी सगळं गेलं होतं. गार्डाचा डबा एका हॉटेलवाल्याने नेला, डाकेचा डबा किनाऱ्यावरच्या संग्रहालयाने, हातट्रॉल्या ज्याला हव्या होत्या त्याने. नांगर शेवटचा होता. पलीकडच्या सपाट मुलखातल्या एका मोठ्या संग्रहालयाने तो घ्यायचं कबूल केलं होतं आणि त्यांची क्रेन व लांब ट्रेलर शुक्रवारी येणार होते. त्याआधी गॉर्डच्या ट्रॅक्टरने नांगर ओढून अंगणात आणायचा होता. शुक्रवारी तो बाहेर नसला, तर सोमवारी शेडबरोबर कापला जाणार होता.

झेंडा ऑक्टोबरपासून तिथे होता. त्या दिवशी एनार नांगराखाली ग्रीस भरत होता. दुपारी तो बाहेर आला आणि कोणाला काही न सांगता चालू लागला. संध्याकाळी नदीकाठच्या महामार्गावर एका ट्रकवाल्याला तो सापडला, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. पुढच्या आठवड्यात त्याची रवानगी वृद्धाश्रमात झाली. झेंडा राहिला.

नियम शेडच्या भिंतीवर काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला होता. संग्रहालय सुरू झालं त्या वर्षी एनारनेच तो रंगवला होता. *एक माणूस, एक झेंडा. ज्याने लावला त्यानेच काढायचा.* गाडीखाली माणूस काम करत असेल, तर रुळावर त्याचा निळा झेंडा हवा, आणि झेंडा असेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही. मालकाने नाही, स्टेशनमास्तरने नाही, देवाने नाही, असं एनार सांगायचा. तसा अपवाद होता. दोघांनी खाली वाकून खात्री केली, तर संग्रहालयाच्या प्रमुखाला कुलूप तोडता येत होतं. संग्रहालयाच्या समितीने अल्डाला हे फोनवर दोनदा ऐकवलं होतं. कुलूप तोडायची मोठी कात्री ट्रॅक्टरच्या सीटवर पडली होती आणि गॉर्डने ती लपवायची तसदी घेतली नव्हती.

अल्डाला ते करायचं नव्हतं. ती बासष्ट वर्षांची होती, संग्रहालयाची प्रमुख होती. चाकाच्या दांड्यात ग्रीस किती भरायचं इथपासून हिवाळ्यात पोलादाला उघड्या हाताने शिवायचं नाही इथपर्यंत सगळं तिला एनारने शिकवलं होतं. त्याचा शेवटचा झेंडा त्याच्याच हाताने निघावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने मारिसेलला तीनदा फोन केला होता.

"खाली माणूस आहे," एनार म्हणाला.

गॉर्ड ट्रॅक्टरवरून उतरला, बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि नांगराखाली डोकं घातलं. बराच वेळ त्याचं फक्त ढुंगण दिसत होतं.

"उंदराचं घरटं आहे," तो आतून म्हणाला. "आणि चिकार ग्रीस. तुमच्याच हातचं दिसतंय, चमच्याने वाढल्यासारखं."

"नीट बघ."

"बघितलं, म्हातारबा. माणूस असता तर एव्हाना त्याने माझ्याकडे बीअर मागितली असती."

एनार हसला नाही. त्याने हात पुढे केला. अल्डाला कळलं. तिने भिंतीवरच्या खिळ्यावरची हातोडी काढून त्याच्या हातात दिली. व्हीलचेअर चाकाजवळ नेल्यावर त्याने चाकावर तीन ठोके मारले. स्वच्छ, सारखे. पोलाद बराच वेळ घुमत राहिलं. हीसुद्धा त्याचीच पद्धत होती. झेंडा काढण्याआधी तीन ठोके मारायचे, खाली कोणी असेल तर त्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं.

तो कान देऊन बसला.

"उत्तर नाही," तो म्हणाला.

"कोणी नाहीच, म्हणून उत्तर नाही."

"बाहेर आलेला मी पाहिला नाही. तोवर काढायचा नाही. हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग."

कॉफीच्या खोलीत हीटर अजून चालू होता. मारिसेलने एनारला त्याच्यासमोर बसवलं, थर्मासमधली कॉफी कपात अर्धीच ओतली आणि कप त्याच्या दोन्ही हातांत नीट दिला. गॉर्डने बटर टार्टचा डबा उघडला. त्याची बायको दर मंगळवारी देत असे, सगळ्यांसाठी म्हणून, आणि सगळे तो एकटाच खात असे.

भिंतीवरच्या तसबिरी उतरवून खोक्यांत भरल्या होत्या. एकच राहिली होती, कारण ती अल्डाची स्वतःची होती. लोकरीची टोपी घातलेला, एका बाजूने हसणारा माणूस, मागे हाच नांगर. तिचे वडील, लिओ बार्तोली. एकोणसत्तर सालच्या फेब्रुवारीत, दोन वादळांच्या मधल्या सकाळी, याच शेडमध्ये याच नांगराखाली तो ब्रेकचा दांडा बसवत होता. खिंड बंद पडली होती, वरून घाई होती. नांगर बाहेर काढायला इंजिन आत आलं, रुळावर झेंडा दिसला नाही, इंजिनाने नांगराला धडक देऊन जोडून घेतलं. कंपनीने चौकशी केली. लिओ बार्तोली झेंडा न लावता गाडीखाली गेला, असा निष्कर्ष निघाला. पाठोपाठ कंपनीचं घर रिकामं करायची नोटीस आली. अल्डा तेव्हा सात वर्षांची होती.

आईने तो निष्कर्ष मानला. तुझ्या बापाला सगळ्याचीच घाई, असं ती म्हणायची, आणि मरेपर्यंत म्हणत राहिली. वडिलांचा कामावरचा जोडीदार एनार त्या वेळी कॉफी प्यायला गेला होता. त्या शरद ऋतूत त्याने गाडीभर सरपण आणून त्यांच्या नव्या भाड्याच्या घरामागे स्वतः रचून दिलं, आणि मग दर ऑक्टोबरला देत राहिला. आई आत बोलवायची. तो दारातूनच जायचा.

संग्रहालयात नवा स्वयंसेवक आला की अल्डा त्याला आधी या तसबिरीसमोर उभं करी. "हे माझे वडील," ती सांगे. "झेंडा न लावता खाली गेले. एवढंच चुकलं त्यांचं." मग ती नव्या माणसाच्या हातात त्याचा झेंडा देई. ती हे आवाज न चढवता सांगे, आणि ते कोणी विसरत नसे. एनार त्या वेळी बहुधा दाराशी उभा असायचा, टोपी हातात धरून.

"कात्री आण," गॉर्ड तोंडातलं गिळत म्हणाला. "मी बघितलं, तू बघ, झाले दोन. म्हातारबांना बाहेर नदी दाखवायला ने. पाच मिनिटांचं काम."

"नाही."

"अल्डाबाई, तू झेंड्यासाठी नांगर घालवणार आहेस. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे शुक्रवारी सांगायला नको."

मारिसेल कप पुसत होती.

"ताई, एक बोलू का?" ती म्हणाली. "आमच्याकडे हे रोज विचारतात, बायको कुठे आहे. ती गेली म्हटलं की रोज नव्याने रडतात. म्हणून आम्ही सांगतो, दुकानात गेलीय. मग गप्प बसतात. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना माणूस बाहेर आलेला बघायचाय ना? मग येऊ दे ना कुणीतरी बाहेर."

गॉर्डने अल्डाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"मी नाही बरं. मी गेलो तर क्रेननेच काढावं लागेल."

अल्डाने हेल्मेटचा पट्टा आवळला.

ती या नांगराखाली कधीच गेली नव्हती. बाकी सगळ्या डब्यांखाली गेली होती, याच्या नाही. याचं खालचं काम एनार करायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, ते माझं आहे. अल्डाला वाटायचं, तो तिच्यासाठी करतो.

ती रुळांमधल्या खडीवर उताणी झाली आणि कोपरांनी सरकत आत गेली. वर दांडे होते, साखळ्या होत्या, आणि सगळ्यांवर एकसारखं पिवळसर ग्रीस. थंडी खडीतून पाठीत येत होती. डोकं वळवल्यावर नांगराच्या कडेखालून उजेडाची पट्टी दिसली. तीत व्हीलचेअरची चाकं, एनारच्या फेल्टच्या सपाता, मारिसेलचे पांढरे बूट. ब्रेकचा दांडा तिच्या छातीवर वीतभर अंतरावर होता. तिने त्याला हात लावला नाही.

तीन ठोके आले. खालून ते वेगळे ऐकू येत होते, दातांत बसत होते.

तिने खिशातला पाना काढला आणि चाकाच्या आतल्या अंगावर तीन ठोके मारले.

ती बाहेर आली तेव्हा एनारचा चेहरा बदलला होता. त्याने तिला जवळ बोलावलं. खिशातून रुमाल काढून तिच्या गालावरचं ग्रीस पुसलं, सावकाश, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

"शाबास," तो म्हणाला. मग तिच्या मागे, नांगराखाली पाहिलं. "आणि दुसरा?"

"दुसरा कोण?"

"दोघं गेलो होतो ना."

गॉर्डने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अल्डाने हात वर केला. ती व्हीलचेअरसमोर खडीवर बसली.

"कोण दोघं, एनारकाका?"

"मी आणि लिओ." त्याचा आवाज चिडलेला होता, माहीत असलेलीच गोष्ट कोणी पुन्हा विचारावी तसा. "दांडा निसटला होता. एकट्याने धरून बसवता येत नाही. दोघं लागतात."

"आणि झेंडे?"

"एक. माझा." त्याने बिल्ल्याकडे बोट केलं. "लिओ म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, एकात भागेल."

शेडमध्ये छपराचा सुटलेला पत्रा वाऱ्याने वाजत होता.

"मग काय झालं?"

"मी बाहेर आलो. माझं झालं होतं. त्याला शेवटची पिन घालायची होती." एनारने किल्ली एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतली. "बाहेर आलो, म्हणून झेंडा काढला. माझा झेंडा. ज्याने लावला त्याने काढायचा. नियम आहे." त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथल्या फळीवर त्याचीच अक्षरं होती.

"आणि तो?"

"कॉफी प्यायला गेलो," एनार म्हणाला. "इंजिन आलं."

तो नांगराखालच्या काळोखाकडे पाहत राहिला. मग त्याने किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. बटण लावायला त्याला वेळ लागला.

"म्हणून आता काढत नाही," तो म्हणाला. "तो आला की काढतो. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा."

मारिसेलने त्याला गाडीत बसवलं. ती पट्टा लावत असताना अल्डा मागून आली.

"हे आधी कधी बोलले होते?"

"लिओ हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, ताई."

"ते मनाने काही रचून सांगतात का?"

मारिसेलने विचार केला.

"कधी सांगतात ते खरं निघतं. कधी टीव्हीवर बघितलेलं असतं. गेल्या महिन्यात म्हणत होते, मी पाणबुडीत होतो." तिने दार लावलं. "पण तेव्हा हसत होते."

गाडी गेल्यावर गॉर्डने टार्टचा डबा बंद केला. एक शिल्लक होता.

"अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे तो," तो म्हणाला. "मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

"दांड्याला दोघं लागतात," अल्डा म्हणाली. "हे तुला माहीत होतं?"

गॉर्डने डब्याचं झाकण पुन्हा दाबलं.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे, कोणालाही माहीत असतं. मी कधी विचार नाही केला."

"मीही नाही. तेवीस वर्षं मी लोकांना शिकवते आहे."

ती आत गेली. तिने तसबीर खिळ्यावरून काढली, हातात धरली आणि परत खिळ्याला लावली.

बुधवारी सकाळी तिने प्रांताच्या मृत्यू-चौकशी कार्यालयात फोन केला. तिला चार ठिकाणी जोडून देण्यात आलं. शेवटच्या बाईंचा आवाज सौम्य होता. इतक्या जुन्या प्रकरणात नवा जबाब घेता येतो, त्या म्हणाल्या, पण साक्षीदाराची स्मृती अशी असेल तर तो आमच्या माणसासमोर आणि डॉक्टरसमोर व्हायला हवा. तुम्ही घरच्या माणसाने रेकॉर्ड करून आणलेल्या गोष्टीला फारसं वजन राहणार नाही. आमचा माणूस टॅमरॅकला लवकरात लवकर येऊ शकेल तो पुढच्या मंगळवारी. त्या दिवशी साक्षीदाराने तेच पुन्हा सांगितलं, तर पुढचं बघता येईल.

दुपारी ती वृद्धाश्रमात गेली. एनार खिडकीशी बसला होता. तिने लिओचं नाव घेतलं. त्याने नम्रपणे मान हलवली आणि नॉर्वेत त्याची आई हेरिंग मासे कसे खारवायची ते सांगितलं. तिने नांगराचं विचारलं, झेंड्याचं विचारलं, एकोणसत्तर साल विचारलं. तो म्हणाला, तुम्ही फार चांगल्या आहात, पण माझी बायको आता दुकानातून येईल, तिला अनोळखी माणसं आवडत नाहीत. तासाभराने ती उठली. दाराशी मुख्य परिचारिका उभी होती. मंगळवारच्या फेरीनंतर रात्रभर ते झोपले नाहीत, ती म्हणाली, पलंगाखाली बघत होते. आठवडाभर त्यांना कुठेही न्यायचं नाही.

"पुढच्या मंगळवारी?" अल्डाने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू. तेही फक्त एकदा."

गुरुवारी संध्याकाळी गॉर्ड तिच्या घरी आला. तो आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"मी बोलतो एकदाच, मग गप्प बसतो. नांगर उद्या गेला तर वाचतो. तिकडे त्याला छप्पर आहे, रंग आहे, शाळेची पोरं बघायला येतात. तू त्यासाठी तीन वर्षं पत्रं लिहिलीस. नाही गेला तर सोमवारी भंगार. बरोबर?"

"बरोबर."

"आणि म्हातारा बोलतो ते फक्त तिथेच. नांगर तिथे, झेंडा तिथे, हातोडी त्याच्या हातात. नांगर गेला तर तो मंगळवारी हेरिंगबद्दल बोलणार."

"हो."

"आणि नांगर ठेवलास, तरी मंगळवार सोमवारनंतर येतो."

"तोडकामवाल्यांना मी एक दिवस मागितलाय."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

गॉर्डने पायरीवर बूट आपटून चिखल झाडला. "बघतो म्हणजे नाही."

"माहीत आहे."

"तुझे वडील असते तर काय म्हणाले असते?"

"मला माहीत नाही, गॉर्ड. मला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती."

तो पायरी उतरून गेला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला क्रेन आली, पाठोपाठ ट्रेलर. सपाट मुलखातून आलेले तिघे जण रात्रभर गाडी चालवून आले होते आणि त्यांना काम उरकून निघायचं होतं. त्यांचा म्होरक्या हेल्मेट घालून शेडमध्ये शिरला. तो स्वतः रेल्वेत होता, जुना माणूस. रूळ क्रमांक तीनसमोर तो थांबला.

रुळावर दोन झेंडे होते. एकाच्या बिल्ल्यावर 'सोल्बर्ग' होतं. दुसरा त्याच्यापासून हातभर अंतरावर, नवाच बसवलेला होता. त्याच्या चिमट्याच्या खुणा रुळाच्या गंजावर ताज्या दिसत होत्या. कुलूप होतं. बिल्ला नव्हता. त्याच्या जागी खडूने लिहिलं होतं: लिओ बार्तोली.

"हे कोणाचं आहे?" त्याने विचारलं.

"खाली दोघं होते," अल्डा म्हणाली.

म्होरक्याने वाकून नांगराखाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी ट्रॅक्टरला टेकून उभ्या असलेल्या गॉर्डकडे. कात्री गॉर्डच्या हातात होती.

"समितीच्या माणसाने मला सांगितलं, दोघांनी बघितलं की तोडता येतं. मी बघितलं. तुम्ही बघा. झाले दोन."

"मी बघितलं मंगळवारी," गॉर्ड म्हणाला.

"मग?"

गॉर्डने कात्री ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली. ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"नीट बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

म्होरक्याने त्याच्या साहेबांना फोन केला, साहेबांनी समितीला केला, समितीने अल्डाला केला. अल्डाने फोन उचलला नाही. त्या तिघांनी आणखी तासभर वाट पाहिली, आणलेले सँडविच अंगणात उभ्याने खाल्ले. बारानंतर क्रेन परत गेली. ट्रेलर रिकामा गेला. जाताना म्होरक्या अल्डाजवळ थांबला.

"आम्ही पुन्हा येणार नाही, बाई. एवढ्या लांब दोनदा कोणी पाठवत नाही."

"माहीत आहे."

"दोघांपैकी तुमचं कोण?"

अल्डाने झेंड्यांकडे पाहिलं.

"दोघंही," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मारिसेलचा फोन आला. एनारला खोकला झाला होता, थोडा ताप होता, छातीत घरघर होती. डॉक्टर सोमवारी बघणार होते. त्याने कोटाच्या खिशातली किल्ली कोणाला घेऊ दिली नव्हती. कोट अंगावर घेऊनच झोपत होता. मारिसेलला त्याने दोनदा विचारलं होतं, तो बाहेर आला का. ती काय म्हणाली, असं अल्डाने विचारलं.

"मी म्हणाले, दुकानात गेलाय," मारिसेल म्हणाली. "ते नाही म्हणाले. म्हणाले, तो दुकानात जात नाही."

तोडकामाच्या कंपनीने एक दिवस द्यायचा की नाही, ते रविवारपर्यंत कळवलं नव्हतं. त्यांचं मोठं यंत्र रविवारी दुपारीच येऊन अंगणात उभं राहिलं होतं, पातं जमिनीला टेकवून. ते आणणाऱ्या चालकाने शेडच्या दारातून आत डोकावून पाहिलं, रुळावरचे दोन निळे पत्रे पाहिले आणि हे काय म्हणून कोणाला विचारावं, तर आसपास कोणी नव्हतं. तो रस्ते आणि इमारती तोडणारा माणूस होता. निळ्या झेंड्याचा अर्थ त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी सहाला गॉर्ड तिथे डोकावून गेला तेव्हा दोन्ही झेंडे जागेवर होते. शेडमधला दिवा जळत होता आणि दाराबाहेर खडीवर अल्डाची गाडी उभी होती. गाडीत कोणी नव्हतं.